‘लुक अप’ म्हणजे शोधणं, मग ‘आय लुक्ड अप माय कीज’ चूक का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. ‘लुक अप’चा अर्थ ‘शोधणे’ असेल, तर ‘आय लुक्ड अप माय कीज’ हे वाक्य का खोडलं? आणि ‘लुक इट अप’मध्ये ‘इट’ मधेच का येतं?

वाक्य खोडलं ते बरोबरच आहे. ‘लुक अप’ने वस्तू शोधत नाहीत, माहिती शोधतात. तीही अशी, जी कुठेतरी आधीच नोंदलेली आहे: शब्दाचा अर्थ, स्पेलिंग, फोन नंबर, पत्ता, गाडीची वेळ. ज्या ठिकाणी ती नोंदलेली आहे तिथे जाऊन ती बघून घेणं, एवढंच ‘लुक अप’. किल्ल्या कुठल्या यादीत नोंदलेल्या नसतात, त्या घरभर हुडकाव्या लागतात. म्हणून ‘आय लुक्ड फॉर माय कीज’.

बोलताना मराठीतही आपण हा फरक करतो. ‘या शब्दाचा अर्थ बघ’, ‘गाडी किती वाजता आहे बघून सांग’, पण ‘किल्ली शोध’. म्हणून ‘लुक अप’साठी मनात ‘बघून घेणे’ हा अर्थ ठेवा, निम्म्या चुका तिथेच थांबतील. निम्म्याच, कारण आपण घर, नोकरी, स्थळंही ‘बघतो’, आणि तिथे इंग्रजीत ‘लुक फॉर’च लागतं. त्यामुळे पक्की कसोटी म्हणजे ‘कशात?’ हा प्रश्न. ‘कशात बघू?’ याचं उत्तर शब्दकोश, वेळापत्रक, वेबसाइट असं येत असेल तर ‘लुक अप’. नुसतं ‘कुठे शोधू?’ असंच विचारावं लागत असेल तर ‘लुक फॉर’.

जिथे बघायचं ते ठिकाण ‘इन’ किंवा ‘ऑन’ लावून वेगळं सांगतात: ‘लुक इट अप इन द डिक्शनरी’, ‘आय लुक्ड इट अप ऑन द इंटरनेट’. आपल्याकडे ‘लुक अप द डिक्शनरी’ असं बरेचदा ऐकू येतं. लेखी इंग्रजीत ते टाळा. तिथे एकतर ‘लुक अप द वर्ड’ म्हणा, नाहीतर ‘कन्सल्ट द डिक्शनरी’.

आता ‘इट’चं. कर्म नाम असेल तर दोन्ही जागा चालतात: ‘लुक अप द वर्ड’ आणि ‘लुक द वर्ड अप’. कर्म सर्वनाम असेल तर ते मधेच हवं: ‘लुक इट अप’, ‘लुक देम अप’. ‘लुक अप इट’ या अर्थाने कधीच होत नाही. उलट कर्म लांबलचक असेल, म्हणजे ‘काल आलेल्या पाहुण्यांचा फोन नंबर’ इतकं मोठं, तर ते ‘अप’च्या नंतरच ठेवा. मधे घातलं तर ‘अप’ येईपर्यंत ऐकणारा क्रियापद विसरलेला असतो.

‘लुक फॉर’मध्ये ही मुभा नाही, कारण ‘अप’ हे क्रियापदाला जोडलेलं क्रियाविशेषण आहे आणि ‘फॉर’ हे शब्दयोगी अव्यय, ते आपल्या नामाला चिकटून राहतं. म्हणून ‘लुक फॉर इट’च, ‘लुक इट फॉर’ नाही. पडताळा घ्यायचा तर मधे ‘केअरफुली’ घालून बघा: ‘लुक केअरफुली फॉर द कीज’ चालतं, ‘लुक केअरफुली अप द वर्ड’ अजिबात चालत नाही. लॉंगमनच्या शब्दकोशात अशा क्रियापदांमध्ये दुहेरी बाण छापलेला असतो. तो दिसला की समजायचं, कर्म दोन्ही बाजूंना जाऊ शकतं.

मराठी माणसाकडून सगळ्यात जास्त होणारी चूक मात्र ‘फॉर’ गाळण्याची. ‘शोधणे’ला आपण थेट कर्म देतो, म्हणून ‘व्हॉट आर यू लुकिंग?’ असं तोंडात येतं. शेवटचं ‘फॉर’ हवंच. ‘सर्च’च्या बाबतीत तर ‘फॉर’ गाळलं की अर्थच फिरतो. ‘द पोलीस सर्च्ड हिम’ म्हणजे पोलिसांनी त्याची अंगझडती घेतली, ‘द पोलीस सर्च्ड फॉर हिम’ म्हणजे त्याचा शोध घेतला. पहिल्या वाक्यात माणूस समोर उभा आहे, दुसऱ्यात बेपत्ता आहे.

ऐकतानाही एक अडचण येते. ‘लुक्ड’चा उच्चार ‘लुक्ट’ होतो आणि पुढचे शब्द त्याला जोडले जातात, म्हणून ‘लुक्ड इट अप’ कानावर ‘लुक-टि-टप’ असं पडतं. जोर ‘अप’वर असतो. ‘लुक फॉर इट’मध्ये जोर ‘लुक’वर, ‘फॉर’ जेमतेम ऐकू येतं.

‘लुक अप’चे बाकीचे अर्थ संदर्भावरून लगेच कळतात. ‘लुक अप अ‍ॅट द स्काय’ म्हणजे वर बघणं. ‘थिंग्ज आर लुकिंग अप’ म्हणजे दिवस पालटतायत, परिस्थिती सुधारतेय. इथे कर्म नसतं. ‘लुक अप टू समवन’ म्हणजे एखाद्याला मानणं, आणि त्यात ‘टू’ वगळता येत नाही. कुणी ‘लुक मी अप व्हेन यू कम टू पुणे’ म्हणालं, तर पुण्यात आलात की भेटा, असा त्याचा अर्थ. हल्ली ‘आय लुक्ड हिम अप’ म्हणजे त्याची माहिती नेटवर काढली, असंही असतं. तिथे मागचंपुढचं वाक्य बघावं लागतं.

नाम म्हणून वापरताना शब्द जोडून ‘लुकअप’ असा लिहितात आणि जोर ‘लुक’वर जातो. क्रियापद मात्र नेहमी दोन शब्दांत. एक्सेलमधलं ‘व्हीलुकअप’ हे सूत्र याच अर्थाचं: दिलेली किंमत (व्हॅल्यू, म्हणजे नाव किंवा आकडा) तक्त्याच्या पहिल्या, डावीकडच्या स्तंभात बघायची आणि त्याच ओळीतली दुसरी माहिती आणायची. ‘व्ही’ म्हणजे व्हर्टिकल, उभं. सूत्राच्या कंसात चौथ्या जागी ‘फॉल्स’ जरूर लिहा, म्हणजे तंतोतंत जुळणारी किंमतच शोधली जाते. ती जागा सोडली तर एक्सेल जवळपासची किंमत चालवून घेतं आणि पहिला स्तंभ चढत्या क्रमाने लावलेला आहे असं धरून चालतं. तो तसा नसेल तर कुठलीही सूचना न देता भलत्याच ओळीतला आकडा समोर येऊ शकतो.