'पुढाकार घ्या' म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न : आमची बारा जणांची टीम आहे. नवीन मुलं हुशार आहेत, पण बारीकसारीक गोष्टीही विचारायला येतात. उलट कधी न विचारता असं काही करून बसतात, की ते निस्तरण्यात अख्खा दिवस जातो. नेमणूकपत्रात 'पुढाकार घेणे अपेक्षित' असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आणखी काय सांगायचं?

'पुढाकार', 'जबाबदारीची जाणीव', 'व्यवस्थित काम' या शब्दांवरून समोरच्याला उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. त्याला हवी असते ती सीमारेषा : कुठपर्यंत माझं मी ठरवायचं आणि कुठून पुढे विचारायचं. ती आखून दिलेली नसली की सावध माणूस सगळंच विचारतो आणि धाडसी माणूस काहीच विचारत नाही. तुमच्याकडे दोन्ही प्रकार दिसतात ते म्हणूनच.

निर्णयांचे तीन गट करा : स्वतः घ्यायचे, स्वतः घेऊन त्याच दिवशी कळवायचे आणि आधी विचारायचे. ग्राहकाच्या तक्रारी हाताळणाऱ्याचं उदाहरण घ्या. माल पोचवण्याची तारीख दोन दिवसांपर्यंत पुढे ढकलायची असेल तर त्याने परस्पर ढकलावी. तीन ते पाच दिवस लागणार असतील तर ढकलून संध्याकाळपर्यंत कळवावं. पैसे परत देणं, सवलत किंवा कुठलंही लेखी आश्वासन मात्र विचारल्याशिवाय नाही. एवढं लिहून दिलंत तर रोजचे बरेच प्रश्न आपोआप कमी होतील.

मग प्रत्येकासोबत ४५ मिनिटं बसा. पहिली १५ मिनिटं दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं : या पदाची सर्वांत महत्त्वाची पाच कामं, महत्त्वाच्या क्रमाने, आणि प्रत्येक काम 'झालं' असं कधी म्हणायचं. एकमेकांचा कागद आधी बघायचा नाही. तुमचा कागद आधी दिसला तर समोरचा मान डोलावेल आणि त्याच्या मनात काय होतं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. कागद शेजारी ठेवले की कामांची नावं बहुधा जुळतात, क्रम मात्र जुळत नाही. तुमच्या यादीत पहिलं असलेलं काम त्याच्या यादीत चौथं निघतं. खरं बोलणं तिथून सुरू होतं, म्हणून उरलेला वेळ त्यावरच घालवा.

बोलून जे ठरेल ते एका पानावर लिहा, पण 'अहवाल नीट हवा' असं लिहू नका. 'दर शुक्रवारी ४ वाजेपर्यंत, दोन पानांत, अडलेली कामं आणि त्यांची कारणं पहिल्या पानावर' असं लिहा आणि सोबत जुना एक चांगला अहवाल नमुना म्हणून द्या. नमुना दिला की निम्मं समजावणं वाचतं. त्याच्या अपेक्षाही त्याच पानावर हव्यात : माहिती कोणाकडून आणि कधी मिळणार, कामावर अभिप्राय किती दिवसांत मिळणार. एकतर्फी कागद म्हणजे नुसता हुकूमनामा. पानावर तारीख घाला. ३० दिवसांनी ते पुन्हा बघा, नंतर दर तीन महिन्यांनी. मधे काम बदललं तर लगेच.

हे सगळं कुठे फसतं तेही सांगतो. माणूस आखून दिलेल्या मर्यादेत निर्णय घेतो, तो चुकतो आणि तुम्ही त्याला सगळ्यांसमोर झापता. दुसऱ्या दिवसापासून अख्खी टीम पुन्हा विचारायला येऊ लागते. निर्णय मर्यादेतला होता ना? मग चूक एकट्याला बोलावून दाखवा, गरज वाटली तर मर्यादा बदला, पण ती पाळल्याबद्दल बोल लावू नका.

प्रश्न : मी घरून काम करते. वरिष्ठांचे मेसेज रात्री साडेनऊ-दहाला येतात. उत्तर नाही दिलं तर 'कामात लक्ष नाही' असा समज होईल, ही भीती वाटते.

अनेक वरिष्ठ रात्री लिहितात ते डोक्यातून विषय उतरवण्यासाठी. उत्तर सकाळी आलं तरी त्यांना चालणार असतं, पण तसं ते सांगत नाहीत आणि वाचणाऱ्याला तो हुकूम वाटतो. म्हणून अंदाज बांधत बसू नका, विचारा. त्याआधी दोन आठवड्यांची नोंद ठेवा : रात्री किती मेसेज आले आणि त्यांतल्या किती कामांचं सकाळपर्यंत थांबल्याने नुकसान झालं असतं. मग म्हणा, "रात्रीचे मेसेज मी सकाळी ९ ला बघून उत्तर देते. तातडीचं असेल तर फोन करा, मी उचलेन." 'तातडीचं' कशाला म्हणायचं, याची दोन-तीन उदाहरणंही तेव्हाच ठरवून घ्या, नाहीतर फोनही रोज वाजेल.

टीमसाठी साधा नियम पुरतो : फोन म्हणजे आत्ता, मेसेजला कामाच्या चार तासांत उत्तर, ईमेलला दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत. वरिष्ठांनी रात्री लिहावं, पण मेसेज सकाळी जाईल अशी वेळ लावून ठेवावी. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा त्याहून अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना कामाच्या वेळेनंतरच्या संपर्काबाबत कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. असा कायदा नसेल तिथेही हे बोलणं करता येतं.

प्रश्न : मुलाखतीत विश्लेषणाचं काम सांगितलं होतं. चार महिने नुसती माहिती भरतो आहे. फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

तसं वाटणं रास्त आहे. कागदावर नसलेल्या, पण मनात धरलेल्या अशा अपेक्षेला संघटनशास्त्रात मानसिक करार म्हणतात. अभ्यासक ख्रिस आर्गिरिस यांनी १९६० मध्ये ही कल्पना मांडली आणि १९८९ पासून डेनिस रूसो यांनी तिला आजचं रूप दिलं. कागदावर नसलेली, पण आपल्याला वचन वाटणारी गोष्ट मोडली की विश्वास जातो. अडचण अशी, की समोरच्याला ते वचन वाटलेलंच नसतं. 'सुरुवातीला सगळेच हे करतात' असं तो धरून चालतो.

दोन आठवडे अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवा. मग वेळ मागून बसा, जाता-येता विषय काढू नका. मुलाखतीत काय ठरलं होतं आणि प्रत्यक्ष वेळ कुठे जातो, एवढंच मांडा. मागणी मोजता येईल अशी हवी : 'पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून आठवड्यातले दोन दिवस विश्लेषण.' ठरलेलं त्याच दिवशी ईमेलने पाठवा. ठरलेली तारीख दोनदा हुकली, तर तेच उत्तर समजा आणि दुसरीकडे अर्ज सुरू करा.

नोकरी देणाऱ्यांनी मुलाखतीत पदाचं वर्णन करण्याऐवजी त्या पदावरच्या माणसाचा गेला आठवडा कसा गेला ते सांगावं, कंटाळवाण्या भागासकट. काही उमेदवार तिथेच नाही म्हणतील, पण चार महिन्यांनी सोडून जाण्यापेक्षा ते कितीतरी बरं. पगार, कामाचे तास आणि नोटिशीचा काळ मात्र नेमणूकपत्रातच हवा. तोंडी बोलणं तिथे पुरत नाही.

प्रश्न : दोन वरिष्ठ, दोघांचंही काम 'आजच हवं'. कोणाचं ऐकू?

दोघांनाही एकाच मेसेजमध्ये लिहा : "दोन्ही कामं आज होणार नाहीत. पहिलं आज ५ पर्यंत देतो, दुसरं उद्या २ पर्यंत. क्रम बदलायचा असेल तर १२ च्या आत सांगा." वेगवेगळे मेसेज पाठवू नका, नाहीतर दोघंही आपापलं काम आधी मागतील आणि अडकाल तुम्ही.