मुलगा अठराचा होतोय. त्याच्या वाटणीच्या पंधरा गुंठ्यांचं आणि बँकेतल्या ठेवीचं काय?

करवीर तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. पती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, तीन वर्षांपूर्वी वारले. मुलगी एकवीस वर्षांची आहे. मुलगा सतरा वर्षं आठ महिन्यांचा असून त्याला बौद्धिक अक्षमता आहे, प्रमाणपत्रावर ७५ टक्के. गावाकडे दोन एकर दहा गुंठे उसाची जमीन दीर आणि पती अशा दोघांच्या नावावर होती. आत्यांनी आधीच हक्कसोड करून दिली आहे. पतीच्या पश्चात वारस नोंद झाली आणि सात-बारावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ (म्हणजे अज्ञान मुलाची पालक आई) असं लागलं. आता दीर म्हणतात, "अठरा पूर्ण झाले की तिघांचं हक्कसोडपत्र करून टाकू, त्याला काय कळतंय, अंगठा देईल." मुलाच्या नावावर ग्रॅच्युइटीतून ठेवलेली सहा लाखांची मुदत ठेवही आहे. अठरानंतर ती त्याच्या सहीशिवाय मोडता येणार नाही, असं राष्ट्रीयीकृत बँकेनं सांगितलं आहे. ताई विचारतात, "मी त्याची आई आहे, मग अडचण कुठे आहे?"

ताई, अडचण नेमकी इथेच आहे. आई म्हणून असलेलं तुमचं नैसर्गिक पालकत्व कायद्यानं मुलाच्या अठराव्या वाढदिवसाला संपतं, मग त्याची समज पाच वर्षांच्या पोराइतकी असली तरी. त्या दिवसापासून कागदावर तो सज्ञान खातेदार आणि सज्ञान ठेवीदार होतो, प्रत्यक्षात मात्र सही करू शकत नाही. तुमच्या दिरांना ही फट बरोबर दिसली आहे. ती बुजवायला तुमच्या हातात चार महिने आहेत.

आधी हक्काचं बोलू, कारण गावात कोणीतरी ‘अशा मुलाला वाटा कशाला’ असं म्हणणारच. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या कलम २८ नुसार आजार, व्यंग किंवा विकृती यामुळे कोणाचाही वारसाहक्क जात नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम १३ तर मालमत्ता धारण करण्याचा आणि वारसाहक्कानं मिळवण्याचा हक्क सगळ्यांच्या बरोबरीनं देतं. तुमच्या पतीचा अर्धा हिस्सा पंचेचाळीस गुंठे. वारस तिघे, म्हणजे प्रत्येकी पंधरा. जमीन वडिलोपार्जित धरली किंवा आजोबांची स्वकष्टार्जित धरली, तरी तुमच्या घरात आकडा पंधराच येतो. ते पंधरा गुंठे मुलाचे आहेत. त्यावर तुम्ही उदार होऊ शकत नाही, दीर तर नाहीच नाही.

आता हक्कसोडपत्र. आज, तो अज्ञान असताना, दीर ‘पालक म्हणून तुम्हीच सही करा’ म्हणाले तर सरळ नकार द्या. अज्ञानाचा हिस्सा फुकट सोडून देणं त्याच्या हिताचं ठरत नाही, तो अधिकार आईला नाही. अठरानंतर त्याच्याकडून अंगठा घेतला तर? भारतीय करार कायदा, १८७२ ची कलमं ११ आणि १२ सांगतात की व्यवहाराचा अर्थ आणि परिणाम समजण्याची क्षमता नसलेल्या व्यक्तीचा करार टिकत नाही. पण ‘टिकत नाही’ हे कोर्टात सिद्ध करायला वर्षं जातात आणि तोवर सात-बारा दिरांच्या नावावर झालेला असतो. म्हणून दस्त होण्याआधीच अडवा. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ३५ प्रमाणे दस्त करून देणारा अज्ञान किंवा मनानं असमर्थ दिसला तर नोंदणी अधिकाऱ्यानं नोंदणी नाकारायची असते. पण बघणारा घाईत असतो आणि आणणारा ‘जरा बुजरा आहे हो’ असं सांगून अंगठा टेकवून घेतो. त्यामुळे तुमच्या हद्दीतल्या दुय्यम निबंधकांकडे अंगठा घ्यायच्या दिवसाआधीच लेखी अर्ज पोहोचलेला असावा. त्यात गट नंबर, मुलाचं नाव, अपंगत्व प्रमाणपत्राची प्रत आणि ‘पालकत्वाचा आदेश झाल्याशिवाय याच्या नावानं कोणताही दस्त नोंदवू नये’ एवढी ओळ पुरे. पोहोच घ्या, आवक क्रमांकासह. असा अर्ज म्हणजे कोर्टाचा मनाई हुकूम नव्हे, पण नंतर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं म्हणायला जागा उरत नाही.

दुसरी फट तलाठ्याच्या दप्तरी आहे. मुलगा अठराचा झाला की ‘अ.पा.क.’ हा शेरा कमी करण्याचा अर्ज कोणीही सहज देऊ शकतो, महसूल खात्याच्या ऑनलाइन अर्जांच्या ई-हक्क प्रणालीवर तो प्रकार निवडायला ठेवलेलाच आहे. शेरा गेला की रेकॉर्डवर तो तुमच्या-माझ्यासारखा खातेदार. ग्राम महसूल अधिकाऱ्याला, म्हणजे तलाठ्यालाच, आत्ताच लेखी कळवा की मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे आणि सज्ञान झाल्यावर शेरा काढण्याऐवजी कायदेशीर पालकाचं नाव लावायचं आहे. तरीही फेरफार टाकला गेला, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० खाली निघणाऱ्या नोटिशीवर पंधरा दिवसांत हरकत घ्या. तोंडी नको, लेखी. हरकत आली की ती नोंद तक्रारी नोंदवहीत जाते आणि सुनावणीशिवाय मंजूर होत नाही. नोटीस दिरांच्याच घरी ‘सर्वांच्या वतीने’ घेतली जाण्याची प्रथा काही गावांत आहे, म्हणून महिन्यातून एकदा सात-बारा स्वतः ऑनलाइन पाहत जा.

मूळ उपाय नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९ मध्ये आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच प्रकारांसाठी हा कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते. त्यात नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. कलम १४ खाली ही समिती अठरा पूर्ण झालेल्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमते. कोर्टात जावं लागत नाही, वकीलही लागत नाही.

अर्ज ‘फॉर्म ए’ मध्ये, नॅशनल ट्रस्टच्या संकेतस्थळावरून भरता येतो. वडील हयात नसल्यानं तुम्ही एकट्या अर्ज करू शकता, फक्त मृत्यू दाखला जोडा. बाकी कागद असे: मुलाचं अपंगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, दोघांचे आधार, रहिवासाचा पुरावा, दोघांचा एकत्र फोटो आणि मुलीचं लेखी ना-हरकत. हे शेवटचं विसरू नका, भावंडांचं काय म्हणणं आहे हे समिती बघतेच. नंतर घरभेट किंवा प्रत्यक्ष पाहणी होऊ शकते. मुलाला पालकाची गरज आहे का आणि कशासाठी आहे, हे समितीनं ठरवायचं असतं. म्हणून अर्जात ‘मुलाचं सर्व काही’ असं मोघम लिहू नका. ‘अमुक बँकेतली मुदत ठेव, अमुक गटातील पंधरा गुंठ्यांची देखभाल व ऊसबिल, वैद्यकीय उपचार, शासकीय योजनांचे अर्ज’ असं नेमकं लिहा. मंजुरी ‘फॉर्म बी’ म्हणून मिळते.

अर्ज अडकतात ते बहुतेक दोन कारणांनी. एक, प्रमाणपत्रातलं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नाही. ‘अनिकेत’चा ‘अनीकेत’ झालेला असतो आणि फाईल परत येते. यूडीआयडीच्या पोर्टलवर आधी दुरुस्ती करून घ्या. दोन, प्रमाणपत्राची मुदत. बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र पाच, दहा आणि अठरा या वयांना नव्यानं करावं लागतं आणि अठराव्या वर्षी मिळालेलं आयुष्यभर चालतं. तुमच्याकडचं दहाव्या वर्षीचं असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात नव्या तपासणीची तारीख आत्ताच विचारून ठेवा. जाताना जुने बुद्ध्यांक चाचणीचे कागद, शाळेचा अहवाल न्या. मुलगा तिथं शांत बसतो म्हणून टक्केवारी कमी लागू नये, यासाठी आंघोळ, जेवण, पैसे ओळखणं, एकट्यानं रस्ता ओलांडणं यातलं त्याला काय जमत नाही, ते कागदावर लिहूनच न्या.

समितीची बैठक किमान तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी, असं कायदा सांगतो. म्हणजे बैठक हुकली तर सहा महिने. नैसर्गिक पालकत्व अठरापर्यंत असल्यानं अर्ज वाढदिवसानंतर लगेच सादर करायचा आहे, पण फाईल त्याआधी पूर्ण हवी. नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन समितीचं काम कोणता विभाग पाहतो आणि पुढची बैठक कधी आहे, हे या महिन्यातच विचारा.

पालकत्वाचं प्रमाणपत्र (फॉर्म बी) मिळालं की सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची आणि दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. हा त्रास वाटतो, पण पालक मुलाच्या पैशांचा गैरवापर करतो अशी तक्रार कलम १७ खाली कोणताही नातेवाईक करू शकतो आणि तुमच्या घरात तो नातेवाईक कोण असेल हे सांगायला नको. शंभर पानी वही पुरेल. ठेवीचं व्याज, औषधं, थेरपी, आणि हो, ऊसबिल. पंचेचाळीस गुंठ्यांचा ऊस दिरांच्या नोंदीवर कारखान्याला जातोय का, ते पाहा. जात असेल तर मागच्या तीन हंगामांचा हिशेब लेखी मागा. हक्कसोडीची घाई तिथंच थोडी थंड होईल.

बँकेचं. ठेव आत्ताच मोडून स्वतःच्या नावावर घ्या, असं काउंटरवरून सुचवलं जाईल. तसं करू नका. पैसे मुलाचे आहेत आणि उद्या याच गोष्टीवर तुमच्यावर बोट दाखवता येईल. मुदत वाढवून ठेवा. समितीच्या पालकत्व प्रमाणपत्रावर खाती चालवू द्यावीत, असं रिझर्व्ह बँकेनं २००७ मध्येच बँकांना कळवलं आहे. शाखेत वाद घालू नका, लेखी अर्ज द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार ऑनलाइन होते. मुलाकडून तुमच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून घेणं किंवा पाचशेच्या स्टँपवर ‘पालकत्वाचं प्रतिज्ञापत्र’ करणं, यावर पैसे घालवू नका. जो करार करू शकत नाही तो मुखत्यार कसा नेमणार?

एक मर्यादा लक्षात ठेवा. समितीच्या प्रमाणपत्रावर जमीन विकणं, गहाण टाकणं किंवा हिस्सा सोडणं याच्या नादी लागू नका. पुढे वाटप करताना मुलाच्या पंधरा गुंठ्यांचं काही करायचं झालं तर जिल्हा न्यायालयाची परवानगी घेऊनच. दिरांनी दावा लावला किंवा खोटा दस्त झालाच, तर मुलाच्या वतीनं तुम्ही कोर्टात उभ्या राहू शकता. वकिलाच्या फीची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्री आणि दिव्यांग, दोघांनाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कसबा बावड्यात जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्या. समितीनं अर्ज नुसताच ठेवून दिला तर रिट याचिकेसाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे.

पतीच्या पेन्शनबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी लिहितो. आज कुटुंब निवृत्तिवेतन तुम्हाला मिळतं. तुमच्यानंतर स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला ते तहहयात मिळू शकतं, पण त्याचं नाव आणि प्रमाणपत्र कार्यालयाच्या अभिलेखात असेल तर. तुमच्या हयातीत गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत ते नोंदवून घ्या. तुमच्या माघारी मुलीनं हे सगळं शोधत बसू नये. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना दरमहा २५०० रुपये मिळतात, मात्र कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वार्षिक ५० हजार आहे. पेन्शन धरता तुम्ही त्यात बसणार नाही, फेऱ्या मारू नका. त्यापेक्षा नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्यात मुलाचं नाव घाला, एक लाखापर्यंतचं संरक्षण आहे आणि त्याला आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही.

तुमच्यानंतर पालक कोण, हे मृत्युपत्रात लिहा. समितीवर ते बंधनकारक नाही, पण विचारात घेतलं जातं. मुलीला पालक करायचं असेल तर तिचं लग्न कुठे होतं हेही पाहावं लागेल, कारण पालक मुलाच्या जवळपास राहणारा असावा अशी अपेक्षा असते. दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि साक्षीदारांत दीर नकोत.