न्यूयॉर्कच्या अधिवेशनात 65 पैकी 46 प्रतिनिधी अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेच्या विरोधातले होते. तरी 1788 मध्ये तिथे ती मंजूर कशी झाली?

मतदानाच्या तारखा ओळीने मांडल्या की निम्मं उत्तर तिथेच सापडतं. तोवर राज्यांना बांधून ठेवणाऱ्या करारात (आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन) साध्या दुरुस्तीलाही तेराही राज्यांची संमती लागे. नव्या घटनेच्या 7व्या कलमाने ती अट 9 राज्यांवर आणली, आणि संमतीचा अधिकार विधिमंडळांऐवजी खास निवडलेल्या अधिवेशनांना दिला. डेलावेअर (30-0 मतांनी), न्यू जर्सी (38-0) झटपट आत आली. पेनसिल्व्हेनियात मात्र अधिवेशन बोलावण्याचा ठरावच रोखण्यासाठी विरोधक सभागृहात फिरकले नाहीत. गणपूर्तीला 46 हवे होते, हजर 44. शेवटी जमावाने दोघांना मुक्कामावरून अक्षरशः ओढत आणून बसवलं!

खरी किल्ली सापडली मॅसॅच्युसेट्समध्ये. विरोधकांचं म्हणणं, आधी दुरुस्त्या, मग संमती. पण प्रत्येक राज्याने आपापल्या अटी घातल्या, तर त्यांचा मेळ घालायला पुन्हा सगळ्यांना एकत्र बसवावं लागणार. म्हणून तोडगा निघाला: संमती बिनशर्त, सोबत 9 दुरुस्त्यांची शिफारस. तोवर संधिवाताने घरीच असलेले राज्याचे गव्हर्नर हॅनकॉक यांनी तो मांडला. मतं पडली 187-168. दहा जण फिरले असते तर सगळं ओंफस. पुढे दक्षिण कॅरोलिना, न्यू हॅम्पशायर आणि व्हर्जिनियाने हाच नमुना उचलला.

न्यूयॉर्कचं अधिवेशन पोकिप्सीला 17 जूनला भरलं. 21 जूनला न्यू हॅम्पशायर नववं राज्य ठरलं, 2 जुलैला व्हर्जिनियाच्या होकाराची बातमी आली. आता वाद घटनेच्या गुणदोषांचा उरला नाही. देश उभा राहत असताना बाहेर राहायचं का, एवढाच प्रश्न होता. दुरुस्त्या पहिली काँग्रेस, म्हणजे नवी केंद्रीय संसद, करणार, आणि बाहेरच्याला तिथे मत नाही. शिवाय घटनेच्या बाजूचं न्यूयॉर्क शहर राज्यातून फुटेल, ही धास्ती होतीच.

तरी विरोधक सशर्त संमतीवर अडून होते. ‘अशी संमती म्हणजे संमतीच नव्हे,’ असं घटनेचे एक शिल्पकार मॅडिसन यांनी न्यूयॉर्कच्या अधिवेशनातले घटनेचे समर्थक हॅमिल्टन यांना कळवलं. अखेर ठरावातले ‘या अटीवर’ हे शब्द काढून ‘पूर्ण विश्वासाने’ हे घातले गेले आणि 26 जुलैला 30-27 ने ठराव पास झाला. बदल्यात दुसरी घटना परिषद बोलवा, असं पत्र सगळ्या राज्यांना गेलं.

ती परिषद कधी भरलीच नाही. 1791 मध्ये दहा दुरुस्त्या लागू झाल्या खऱ्या. पण केंद्राच्या कर लावण्याच्या अधिकाराला विरोधकांना हवा होता तो लगाम त्यांत नाही.