आज्जी गेली त्या दिवशीच्या दोन भाकऱ्या

सोन्या,

परवा गाडीत मागच्या सीटवरनं तू सहज विचारलंस, "आई, आज्जी गेली त्या दिवशी तू दोन भाकऱ्या खाल्ल्यास, तुला भूक कशी काय लागली?" आणि मी सिग्नल बघतेय असं दाखवलं. टोमणा नव्हता हे माहितीये, तरी लागलं. म्हणून लिहितेय. वाटलं तर वाच, नंतर प्रश्न विचारणार नाहीये.

मी नऊ वर्षांची असताना आबा गेले, माझे आजोबा, भिलवडीच्या सोप्यात फेट्यातला फोटो आहे ना, ते. सगळे घाटावरनं आले, दारात लिंबाचा पाला चावला, चूल बंद. मला भूक लागलेली आणि भूक लागली म्हणून लाज वाटत होती, कुणाला सांगणार? तेवढ्यात शेजारच्या काकू मागच्या दारानं आल्या, डोक्यावर बुट्टी, त्यात धडप्यात गुंडाळलेल्या शाळवाच्या भाकऱ्या आणि पिठल्याचं पातेलं. आमच्याकडं ह्याला कडू घास म्हणतात. फोडणी नाही, हळद नाही. आता बघ, सांगली म्हणजे हळदीची पेठ, 2018 ला जीआय (भौगोलिक मानांकन) पण मिळाला, आणि पिठलं मात्र आजारी माणसासारखं फिकट. काकूंनी बाईपुढं (आबांच्या बायकोपुढं) ताट ठेवलं, ती नको म्हणाली. मग त्यांनी भाकरी मोडली, घास तिच्या हातात दिला आणि तो हात धरून बसून राहिल्या, बोलल्या काही नाहीत. बाईनं खाल्ला तेव्हा आम्ही पोरं जेवलो.

मग रोज कुणाकडनं तरी. भावकीतनं नदीकाठच्या वांग्यांचं कोरड्यास, कुणाचा नुसता भात. कोरेगावची आत्या पिशवीभर वाघ्या घेवडा घेऊन आली, तुझ्या राजम्याचा भाऊ समज, आणि चार दिवस आम्ही तोच खाल्ला, शेवटी धाकटा काका वैतागून हसला आणि घरात पहिल्यांदा हसू आलं.

सगळं छानच होतं असं नाही म्हणत. भाकऱ्या थापायला बायका, पुरुष बाहेर कट्ट्यावर. आणि कुणाच्या घरची भाकरी आत यायची नि कुणाची दारातच राहायची, हे मला दिसत होतं पण विचारायचं सुचलं नाही. तू असतास तर विचारलं असतंस. फोडणी का नाही, हळद का नाही, तेही मी कधी विचारलं नाही, आणि तुला पटलं नाही तर पाळायचीही गरज नाही.

पण इथं समोरचे आजोबा गेले तेव्हा मी काय केलं? मेसेज करू का, कधी आलेलं चालेल, त्यांना अ‍ॅलर्जी असेल का, ह्यात तीन दिवस घालवले. शेवटी कार्ड टाकलं. आपल्या कुंडीतली दोन वांगी फ्रिजमध्ये सुकून गेली.

तर भूक. पहिली भाकरी काकूंच्या सुनेनं मोडून हातात दिली म्हणून खाल्ली, आज्जीच्या खोलीकडं पाठ करून बसले होते. दुसरी मी मागून घेतली हे मला तू सांगेपर्यंत माहीतच नव्हतं. लागली असेल रे भूक. सकाळपासून पोटात चहा सोडून काही नव्हतं.

एक राहिलं. तुझ्या टेबलवर खोडरबर ठेवायचा स्टीलचा डबा आहे, झाकणावर नाव कोरलेला, तो काकूंच्या घरचाच, गडबडीत आपल्या बॅगेत आला. एरवी आमच्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत जात नाही, चिमूटभर साखर तरी घालतात. पण सुतकात आलेली भांडी रिकामीच द्यायची, त्या घरचं कुणी खात नसतं. आता वर्ष होत आलं. मे मध्ये गेलो की डबा द्यायचाय, आणि रिकामा द्यायचा का भरून हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तोवर खोडरबर राहू देत.

आई