उपभू, अपभू आणि हरवलेलं ‘उच्च’

प्रश्न असा आला आहे: “विक्रम लँडर उतरण्याआधी चंद्राभोवती फिरत होता तेव्हा त्याची ‘उपभू २५ किलोमीटर’ होती, असं वाचलं. दुसरीकडे ‘अपभू’ दिसलं. हे दोन वेगळे शब्द आहेत की एक छपाईची चूक आहे?”

शब्द दोन आहेत, आणि त्या वाक्यात दोन्ही चुकीचे ठरतात. भू म्हणजे पृथ्वी. पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेतला पृथ्वीच्या सर्वांत जवळचा बिंदू उपभू आणि सर्वांत लांबचा अपभू. चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाला ‘भू’ कुठून येणार? मंगळयानाच्या वेळी मंगळाची ‘उपभू’ छापली गेली, चंद्रयान-३ च्या वेळी चंद्राची. सूर्यासाठी उपसूर्य-अपसूर्य अशी जोडी आपल्याकडे आहे, म्हणजे मधला गोल बदलला की शब्द बदलतो हे माहीत असतं, तरी बातमी लिहिताना विसरलं जातं.

दुसरा दोष परिभाषा बनवणाऱ्यांचा. एकमेकांच्या नेमक्या उलट अर्थाचे दोन शब्द, आणि फरक पहिल्या एका अक्षराचा. फोनवर कुणी ‘अपभू’ सांगितलं तर ऐकणारा निम्म्या वेळा ‘उपभू’ लिहून घेईल. बरं, घडवताना तरी एक रीत धरावी! अपभूचा इंग्रजी शब्द ‘अपोजी’, त्यातला ग्रीक ‘अपो’ आणि आपला ‘अप’ हे सख्खे भाऊ, म्हणून अपभू. मग उपभूच्या इंग्रजी ‘पेरिजी’मधल्या ‘पेरि’चा सख्खा भाऊ ‘परि’ आहे, त्याला डावलून ‘उप’ का आणला? ‘परिभू’ तर ईशावास्यात तयार बसला होता: कविर्मनीषी परिभूः स्वयंभूः. तिथे अर्थ ‘सर्वांना वेढणारा’ असा आहे हे मान्य, पण मग भाषांतर अर्थाचं करायचं की ध्वनीचं, हे आधी ठरवायला हवं होतं.

आणि मुळात भाषांतराची गरजच नव्हती. लांबच्या बिंदूला आपल्याकडे दीड हजार वर्षं शब्द आहे: उच्च, नेमकेपणाने मंदोच्च. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास रवीचं मंदोच्च ७८ अंशांवर, म्हणजे मिथुनेत, दिलं आहे. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाचा शके १४४२ चा ग्रहलाघव हा ग्रहगणिताचा ग्रंथ उघडा, चंद्रोच्च काढण्याची रीत तिथे आहे.

या शब्दाचा प्रवास तर फार सुंदर आहे. आठव्या शतकात भारतीय सिद्धान्त, म्हणजे ज्योतिषगणिताचे ग्रंथ, बगदादला पोचले आणि ‘सिंदहिंद’ झाले. ‘उच्च’ पारशी तोंडातून अरबीत गेला आणि ‘औज’ झाला. अरबी कोष्टकांची लॅटिन भाषांतरं झाली तेव्हा त्याचा ‘आउक्स’, षष्ठीत ‘आउगिस’, झाला आणि मध्ययुगीन युरोपातले ज्योतिर्विद ग्रहांचे ‘आउगेस’ मोजत बसले. पुढे ग्रीक शब्दांची आवड वाढली, आउक्स मागे पडला, अपोजी पुढे आला. त्या अपोजीचं आपण विसाव्या शतकात भाषांतर केलं! फारसी-उर्दूत ‘औज’ आजही शिखर, परमोच्च स्थिती या अर्थाने जिवंत आहे. देवघेव एकतर्फी नव्हती, हेही सांगायला हवं. ग्रहाचं मंदोच्चापासूनचं अंतर म्हणजे ‘मंदकेंद्र’, आणि त्यातला ‘केंद्र’ हा ग्रीक ‘केंत्रोन’.

आता ‘मंद’. अनेक जाणकार सांगतात की शीघ्रोच्च, म्हणजे ग्रहगणितातलं दुसरं उच्च, भरभर फिरतं आणि हे उच्च अतिशय हळू सरकतं, म्हणून ते मंद. सूर्यसिद्धान्तात रवीच्या मंदोच्चाचे एका कल्पात, म्हणजे ४३२ कोटी वर्षांत, फक्त ३८७ फेरे आहेत, हा त्यांचा पुरावा. मला हे पटत नाही. चंद्राचं उच्च पावणेनऊ-नऊ वर्षांत फेरी पुरी करतं, म्हणजे खुद्द गुरूपेक्षा लवकर. त्याला मंद कसं म्हणायचं? माझं मत असं, की मंद होतो तो तिथे पोचलेला ग्रह. शीघ्रोच्चापाशी ग्रह सर्वांत वेगाने पळताना दिसतो, मंदोच्चापाशी तो रेंगाळतो.

कृत्रिम उपग्रहाला तर हे अक्षरशः लागू पडतं. चंद्रयान-३ ची पहिली कक्षा १७० गुणिले ३६,५०० किलोमीटर होती. अशा कक्षेत जवळच्या टोकाला वेग सेकंदाला सुमारे १०.३ किलोमीटर असतो आणि लांबच्या टोकाला जेमतेम १.६. एका फेरीच्या पावणेअकरा तासांपैकी बहुतेक वेळ यान उच्चाच्या बाजूलाच असतं.

इंजीन कुठे पेटवायचं हेही या दोन टोकांवरच ठरतं. जवळच्या टोकाला वेग वाढवला की लांबचं टोक आणखी लांब जातं. चंद्रयान-३ ची कक्षा पाचदा वाढवली, त्यातल्या चार वेळा हेच केलं, आणि २५ जुलै २०२३ ला ती २३६ गुणिले १,२७,६०३ किलोमीटर झाली. उलट, जवळचं टोक वर उचलायचं असेल तर ढकलायचं उच्चापाशी. भूस्थिर उपग्रह तसेच जागेवर नेतात, म्हणून ४४० न्यूटनच्या त्या इंजिनाचं नावच लिक्विड अपोजी मोटर. २९ जानेवारी २०२५ ला सुटलेल्या एनव्हीएस-०२ या दिशादर्शक उपग्रहाचं नेमकं इथेच बिनसलं. इंजिनाकडे ऑक्सिडायझर (इंधन जाळायला लागणारं द्रव्य) सोडणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत, उच्चापाशी ढकल मिळाली नाही आणि उपग्रह लांबट कक्षेतच अडकला. अशा वेळी ‘उपग्रहाची कक्षा वाढवता आली नाही’ असं लिहून भागत नाही. लांबचं टोक रॉकेटने आधीच हव्या त्या उंचीच्या आसपास नेलं होतं, वर आलं नाही ते जवळचं.

‘उच्च’ नको म्हणणाऱ्यांचा आक्षेप असा की पत्रिकेतला ‘उच्चीचा गुरू’ मध्ये येतो. तो वेगळा अर्थ आहे, आणि संदर्भाने तो लगेच कळतो. ग्रह आणि राशी हे शब्दही पत्रिकेत आहेत, ते कुणी खगोलशास्त्रातून हाकलले नाहीत. उच्चासमोरच्या, म्हणजे जवळच्या बिंदूच्या ‘नीच’ या जुन्या शब्दाला मात्र समाजाने जी घाण फासली आहे तिच्यामुळे तो कुणाला नकोसा वाटला, तर ते कारण मला पूर्ण मान्य आहे. तिथे सरळ ‘निकटबिंदू’ लिहा. उच्चबिंदू आणि निकटबिंदू ही जोडी पृथ्वी, चंद्र, मंगळ कुठेही चालते, आणि ऐकताना गोंधळ होत नाही.

तेव्हा २० ऑगस्ट २०२३ नंतरच्या विक्रमबद्दल लिहायचं ते असं: चंद्राभोवतीच्या कक्षेचा निकटबिंदू २५ किलोमीटर, उच्चबिंदू १३४ किलोमीटर.