टोंडिबीच्या आधी आणि नंतर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सोंघाई साम्राज्यावरचा तुझा लेख वाचला. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर नदीकाठच्या एवढ्या मोठ्या राज्याचं आपल्याकडे कुणी फारसं नाव घेत नाही. तुला ते खुणावलं, याचाच मला आनंद आहे.

पण लेख 1591 च्या टोंडिबीच्या लढाईपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. मोरोक्कोच्या बंदुकांपुढे भाले हरले, साम्राज्य बुडालं, इतकंच. एवढ्यावर थांबू नकोस.

आधी मिठाचा माग काढ. सहारातल्या तेगाझाच्या खाणींतून मीठ दक्षिणेला जायचं आणि त्याच्या बदल्यात सोनं उत्तरेला यायचं. प्रवासी इब्न बतूता 1352 मध्ये तिथे गेला, तेव्हा तिथली घरं मिठाच्या लाद्यांची होती आणि छपरं उंटाच्या कातड्याची. आसपास एक झाड नाही. ही खाण ज्याच्या हाती, त्याच्या हाती व्यापाराची नाडी. मोरोक्कोचा सुलतान अहमद अल-मन्सूर याने आधी तेगाझावरच हक्क सांगितला होता, फौज त्यानंतर आली. इकडे सोंघाईची राजधानी गाओच्या गादीसाठी भाऊबंदकी चालू होती. इसहाक दुसरा 1588 मध्ये गादीवर आला तोच बंडाळीच्या धामधुमीत. हे सांगितल्याशिवाय टोंडिबीचा पराभव वाचकाला कळणार नाही.

आकडे जपून वापर. ‘तारीख अल-सुदान’ ही बखर सोंघाईचं पायदळ 30,000 सांगते, ‘तारीख अल-फत्ताश’ ही दुसरी बखर 10,000 हूनही कमी. तू मोठा आकडा उचललास, कारण तो रंगतो. दोन्ही दे. ‘तारीख अल-सुदान’ लिहिणारा अल-सादी लढाईनंतर तीन वर्षांनी सोंघाईच्या तिंबक्तू या विद्यानगरीत जन्मला आणि विजेत्यांच्या राजवटीत कारभारी झाला, हेही लिही. तरीही त्याच्या पानांतून हरलेल्यांविषयीची कळकळ लपत नाही. पळ काढण्याऐवजी ढाली जमिनीवर टाकून त्यांवर बसून राहिलेल्या आणि तिथेच मारल्या गेलेल्या सैनिकांची हकीकत त्यानेच जपली. तुझ्या लेखात ती नाही, आणि मला सगळ्यांत जास्त तीच खटकली.

आता नंतरचं. मोरोक्कोचा सेनापती जुदार पाशा गाओत शिरला आणि निराश झाला. सुलतानाची राजधानी माराकेशमधल्या गाढववाल्यांच्या मुकादमाचं घर इथल्या राजवाड्यापेक्षा बरं, असं त्याने कळवलं. सोन्याच्या खाणी तर पार दक्षिणेला, सोंघाईच्या हद्दीबाहेर. सुलतानाने एवढं वाळवंट ओलांडून फौज पाठवली ती ज्यासाठी, ते तिथे नव्हतंच!

लुटलं गेलं ते तिंबक्तूचं ज्ञान. अहमद बाबा या पंडिताला 1593 मध्ये कैद करून पुढे माराकेशला नेलं. माझे 1,600 ग्रंथ गेले आणि माझ्या घराण्यात माझाच संग्रह सर्वांत लहान होता, असं त्याने सुलतानाच्या तोंडावर सांगितलं. अल-मन्सूरच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी तो तिंबक्तूला परतला आणि 1627 मध्ये वारला. म्हणजे तुझ्या लेखात साम्राज्य संपतं, त्यानंतर 36 वर्षं हा माणूस जगत होता.

पुढचा मसुदा अहमद बाबापासून सुरू कर. लढाईला दोन परिच्छेद पुरेत. झाला की पाठव, मी वाट पाहतो.

तुझा,
जुना मास्तर