भोक लहान होत नाही, मोठंच होतं

तुमचे दोन प्रश्न आहेत. धातू तापल्यावर फुगतो, तर बरणीच्या झाकणाचं तोंड आवळायला हवं. मग गरम पाण्याने ते सैल कसं होतं? आणि पूर्वी रुळांच्या सांध्यात फट ठेवत, आता वेल्डिंग केलेले अखंड रूळ उन्हात वाकत कसे नाहीत?

पहिल्यात गफलत एवढीच, की धातू फुगून भोकात शिरेल असं आपण धरून चालतो. कडं म्हणजे वळवलेली पट्टी. पट्टी तापली की लांब होते आणि लांब पट्टीचं कडं मोठंच होणार. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात ती याच भरवशावर. धाव चाकापेक्षा किंचित लहानच बनवायची, चांगली तापवून चाकावर घालायची आणि लगेच पाणी ओतायचं. गार होता होता ती चाकाचा सांधा न् सांधा आवळून टाकते. 100 मिमी भोकाचं स्टीलचं बेअरिंग 80 अंशांनी तापवलं तर भोक जेमतेम 0.1 मिमी वाढतं, पण हातोड्याला दाद न देणारं बेअरिंग तेवढ्यावर शाफ्टवर अलगद सरकतं.

बरणीत मात्र आणखी एक खुबी आहे. एक मीटर स्टील दर अंशाला सुमारे 12 मायक्रोमीटर वाढतं, साधी काच 9. म्हणजे फरक फार नाही. काम होतं ते वेगामुळे: पातळ झाकण लगेच तापतं, काच मागे राहते. म्हणून धार झाकणावरच धरा आणि लगेच फिरवा. अख्खी बरणी बुडवून ठेवलीत तर बराचसा फायदा गेला. (फ्रीजमधून काढलेल्या बरणीवर उकळतं पाणी ओतू नका, काच तडकेल.)

आता रूळ. फट नाही, मग वाढ जाते कुठे? कुठेच नाही, ती होऊच देत नाहीत. एक किलोमीटर मोकळा रूळ 40 अंशांत 48 सेंमी वाढला असता. क्लिपा, स्लीपर आणि खडी त्याला धरून ठेवतात आणि न झालेली वाढ दाब बनून रुळातच राहते. मीटरला 60 किलो भरणाऱ्या रुळात 30 अंशांच्या वाढीला हा दाब सुमारे 55 टन होतो. रूळ एक किलोमीटर असो की शंभर, मधल्या भागात आकडा हाच. लांबी या हिशेबात येतच नाही. हालचाल होते ती फक्त टोकांकडच्या थोड्या लांबीत, म्हणून प्रसरणाचे सांधे तिथे बसवतात.

तेव्हा 'रूळ वाकत नाहीत' हेही पूर्ण खरं नाही. खडी कमी पडली किंवा नुकतीच हलवलेली असली, तर कडक उन्हात रूळ आडवा सरकून नागमोडी होतो. उलट कडाक्याच्या थंडीत तोच रूळ ताणला जातो आणि कच्च्या वेल्डपाशी तुटू शकतो. म्हणून रूळ जखडायचा तो त्या जागेच्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमानाच्या मधलं तापमान गाठून, बहुधा मध्यापेक्षा थोडं वरचंच. त्या दिवशी हवा थंड असेल तर रूळ जॅकने ताणून किंवा तापवून तेवढा लांब करतात आणि मगच क्लिपा ठोकतात.